सरांच्या घरचं अर्थिंग

शनिवारी सकाळी दूध काढायला म्हणून सरांनी फ्रिजच्या मुठीला हात लावला आणि त्यांच्या बोटांतून कोपरापर्यंत झिणझिण गेली.

फार मोठी नव्हती. पायाला मुंग्या येतात तेवढीच. दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं, तर त्याने कपाळाला हात लावून वायरमनला फोन केला असता आणि चहा प्यायला बसला असता. पण सर म्हणजे तंत्रशाळेत एकतीस वर्षं वायरमनचा वर्ग शिकवून निवृत्त झालेला माणूस. टाकी किती उंच ते व्होल्टेज, नळातून किती येतं तो करंट आणि नळावर दाबून धरलेला अंगठा म्हणजे रेझिस्टन्स, हे त्यांनी इतक्या मुलांच्या डोक्यात घातलं होतं, की शहरातला कुठलाही वायरमन शिडीवरून खाली बघून त्यांना नमस्कार करायचा. अशा माणसाने कोणत्या तोंडाने म्हणायचं, की बाबा रे, माझा फ्रिज मला झिणझिण देतोय?

शिवाय उद्या रविवार. उद्या मुलगी येणार होती.

सरांची बायको जाऊन तीन महिने झाले होते. पंधराव्या दिवसापासून मुलीचं एकच चाललं होतं, की बाबा, माझ्याकडे चला. तिचं घर सातव्या मजल्यावर, खोली तयार, पडदेसुद्धा लावून झालेले. सरांना हलायचं नव्हतं. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं. मांडणीत भांडी बायकोने लावली होती तशीच होती, चष्म्याच्या घरात तिचा चष्मा होता, आणि सर अजून पलंगाच्या आपल्याच अर्ध्या भागात झोपत होते. एवढ्यासाठी घर धरून बसायचं म्हटलं तर मुलगी रडली असती, म्हणून ते म्हणायचे, मला इथलं पाणी मानवतं. शेवटी तह झाला. रविवारी ती येणार, घर बघणार. सगळं नीट चाललेलं दिसलं तर बाबांनी राहावं. नाही दिसलं तर सोमवारी बॅग भरायची.

तेव्हा झिणझिणणारा फ्रिज ही साधी गोष्ट नव्हती.

सरांनी टेस्टर आणला आणि फ्रिजच्या पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा मिणमिणला. त्यांनी प्लग काढला, दिवा विझला. निदान पक्कं झालं, दोष फ्रिजमध्ये. समाधानाने हात धुवायला ते सिंकजवळ गेले, तर वाटेत कपडे धुण्याच्या मशीनला कोपर लागलं आणि मशीननेही तीच झिणझिण दिली. सरांनी तिचाही प्लग काढला. मग मायक्रोवेव्ह. मग इस्त्री. मग टेबलफॅन, ज्याच्याबद्दल त्यांना कधीच संशय आला नव्हता. पुन्हा एकटा फ्रिज लावून पाहिला, तरी तो आपला झिणझिणतोच आहे.

वर्गात असते तर त्यांनी फळ्यावर उभी रेघ मारून दोन मिनिटांत उत्तर काढलं असतं. पण दुःखात माणसाची विद्या त्याला सोडून जात नाही, ती नुसती दाराबाहेर चपला काढून उभी राहते. आणि सर तिला आत बोलवायचं विसरले होते. प्रत्येक वस्तू त्यांना वेगळी आजारी दिसत होती. एकेकीला तपासायचं म्हणून त्यांनी साऱ्या बाहेरच्या खोलीत ओढून आणल्या. दुपारी बाराच्या सुमारास कपड्यांचं मशीन सोफ्याशेजारी, मायक्रोवेव्ह खुर्चीवर आणि इस्त्री टीपॉयवर अशी मंडळी एखाद्या बैठकीला जमल्यासारखी बसली होती. फक्त फ्रिज तेवढा जागेवर, कारण तो हलला नाही.

उघडून बघितलं, बंद केलं, काही सापडलं नाही. तेव्हा सरांनी ठरवलं, दोष राहू दे. उद्यापुरतं तिला कळलं नाही म्हणजे झालं. तारेवर बसलेल्या पक्ष्याला का काही होत नाही, हा त्यांचा पहिल्या दिवसाचा प्रश्न असायचा. तो जमिनीला टेकलेला नसतो म्हणून. सरांनी पक्षी व्हायचं ठरवलं. फ्रिजसमोर लाकडी फळी टाकली, पायांत रबरी चपला घातल्या, मुठीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि हातांत बायकोचे भांडी घासायचे पिवळे मोजे चढवले. फळीवर उभं राहून त्यांनी दार उघडून पाहिलं. काही नाही. त्यांना जरा बरं वाटलं.

आणि नेमकी त्याच वेळी मुलगी दारात उभी होती. रविवारपर्यंत तिला धीर धरवला नव्हता.

तिने सोफ्याशेजारचं मशीन बघितलं. खुर्चीवरचा मायक्रोवेव्ह बघितला. मग फळीवर उभे असलेले, पिवळ्या मोज्यांतले वडील बघितले.

"बाबा, हे काय?"

"थंडी वाजत होती," सर म्हणाले.

बाहेर अंगणातली माती तापून भेगाळली होती. मुलीने जवळ येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मशीन बाहेर का, तर त्याला हवा लागावी म्हणून. इस्त्री टीपॉयवर का, तर सहज. तीन प्रश्नांची तीन उत्तरं देऊन झाल्यावर सरांना स्वतःलाच वाटलं, की अशा माणसाला एकटं ठेवू नये. ती पाणी घ्यायला फ्रिजकडे वळली. सर आडवे गेले.

"मी देतो."

"मी घेते ना, बाबा."

"मग चप्पल घाल."

"स्वयंपाकघरात? आईच्या स्वयंपाकघरात चप्पल घालू?"

"घाल म्हणतो ना."

तिने घातली नाही. ती तशीच मागे फिरून गॅलरीत गेली, पदर तोंडाला लावून थोडा वेळ उभी राहिली, आणि मग तिने फोन लावला. सरांना पाठ दिसत होती. फोन डॉक्टरला असणार हे त्यांनी ओळखलं आणि फळीवरून खाली उतरले. देवा, ते मनात म्हणाले, वेडा ठरलो तरी चालेल, पण घर धोक्याचं ठरू देऊ नकोस. बायकोने कधी हे घर धोक्याचं होऊ दिलं नव्हतं.

पण आला तो डॉक्टर नव्हता. आला तो फ्यूज.

फ्यूज हा सरांचा विद्यार्थी. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्याने अख्ख्या शाळेचा दिवा घालवला, तेव्हा सरांनीच त्याला हे नाव ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं. आता त्याची पोट सुटण्याइतकी भरभराट झाली होती, दुकान होतं, दुकानावर पाटीही त्याच नावाची होती. मुलीने त्याला सांगितलं होतं, की दादा, वायरिंगचं काम नाही. बाबांना काहीतरी होतंय आणि ते तुमचं ऐकतील असं वाटतं.

फ्यूजने खोलीभर नजर फिरवली. मुठीवरची ट्यूब बघितली, फळी बघितली, मोजे बघितले. एका कारागिराला जे कळायचं ते कळलं. त्याने मुलीला चहा टाकायला सांगितला आणि सरांच्या जवळ सरकला.

"सर, किती वस्तू झिणझिणतायत?"

"हळू बोल. तिला कळलं तर मला सातव्या मजल्यावर नेईल."

"किती, सर?"

"सगळ्या."

फ्यूज जमिनीकडे बघत म्हणाला, "सगळ्या वस्तू एकाच दिवशी बिघडत नाहीत. तुम्हीच शिकवलंत."

 विद्या दाराबाहेर ताटकळत होती ती आत आली, आणि आल्या आल्या तिने मालकाची मान खाली घालायला लावली. सगळ्या वस्तूंना जोडणारी एकच गोष्ट असते, अर्थिंगची हिरवी तार. ती घरामागच्या खड्ड्यात जाते. तो खड्डा फ्यूजच्याच तुकडीने प्रॅक्टिकल म्हणून खणला होता. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर सिमेंटचं झाकण. कुठलंही यंत्र थोडं गळतंच, त्यात बिघाड काही नसतो. ती गळती हिरव्या तारेने जमिनीत जाते आणि जमीन ती मुकाट्याने पोटात घेते. पण जमीन कोरडी पडली तर घेत नाही. मग तेच परत येऊन मुठीमुठीत बसतं.

तिघं मागच्या बाजूला गेले. मुलगी हातात चहाची गाळणी घेऊन, काय चाललंय ते न कळून. फ्यूजने झाकण उचललं, आत हात घातला आणि चिमूटभर माती वर काढली. ती त्याच्या बोटांतून पिठासारखी पडली.

"सर, पाणी कधी घातलं होतं?"

सर आठवू लागले. आठवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी या खड्ड्यात आयुष्यात एकदाही पाणी घातलं नव्हतं. घर बांधून झालं त्या वर्षी बायकोला एकदा सांगितलं होतं, की पाऊस नसेल तेव्हा इथे पाणी घालत जा, आणि सांगून ते शाळेत निघून गेले होते. पुढे कधी विचारलंही नाही. सगळं ठीक चालायचं, म्हणून विचारायचं कारण पडलं नाही.

भिंतीपलीकडे शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्या थांबल्या.

"ती घालायची ना रोज. सकाळी एक बादली. आजारी होती तेव्हासुद्धा, अर्धी का होईना. मी म्हटलं एकदा, काही लावलंयस का गं तिथे? उगवताना तर काही दिसत नाही." वहिनींनी ओला टॉवेल दोरीवर झटकला. "म्हणाली, सरांनी सांगितलंय."

 आत चहा उतू गेल्याचा वास आला, पण जायला कुणी हललं नाही.

मग सर न्हाणीत गेले आणि बादली भरून आणली. ओतली. मातीने ती आवाज न करता पिऊन टाकली. दुसरी आणली. तिसरी. फ्यूज म्हणाला, सर, मी आणतो, तर त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. चौथ्या बादलीला पिवळ्या मोज्यांत पाणी गेलं. पाचव्या बादलीला त्यांचे खांदे हलायला लागले. तीन महिन्यांत, त्या तेरा दिवसांतही, जो माणूस रडला नव्हता, तो सिमेंटच्या झाकणाशेजारी उकिडवा बसून रडत होता आणि मधेच बाहीने नाक पुसून फ्यूजला सांगत होता, की कोळसा बदलायला झाला असेल, तेवढा बघ. फ्यूज हो सर, हो सर म्हणत होता आणि स्वतःचा चेहरा लपवायला खड्ड्यात वाकला होता. सातव्या बादलीला टाकीतलं पाणी संपलं.

मुलीला आता सगळं कळलं होतं. वडील वेडे नव्हते. नुसते एकटे होते, आणि आपल्याला घर सोडायला लागू नये म्हणून सकाळपासून झिणझिण्या खात होते. फ्यूजने तिला बाजूला घेऊन सांगितलं, की पाणी खाली पट्टीपर्यंत मुरायला दोन-तीन तास जातील, तोवर कशाला हात लावू नका, उद्या येऊन मी कोळसा बदलतो. तो गेला. वहिनीही घरात गेल्या.

सरांनी मोजे काढून पिळले. ते स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी आपण होऊनच विषय काढला.

"बॅग मी रात्री भरतो. तुझं बरोबर आहे. जी गोष्ट मी पोरांना पहिल्या महिन्यात शिकवायचो, ती मला माझ्या घरात दिसली नाही. माझ्या भरवशावर हे घर कधीच नव्हतं."

 मुलीने फ्रिजच्या मुठीवरची ट्यूब सोडवली आणि ओट्यावर ठेवली. फळी पायाने बाजूला सारली. बादल्या नेताना जमिनीवर सांडलेलं पाणी तसंच होतं, त्यात ती अनवाणी उभी राहिली.

"नको," सर उठत म्हणाले. "अजून मुरलं नसेल."

तिने मूठ धरली. घट्ट, पाचही बोटांनी. सर बघत होते. तिच्या पायाची बोटं ओल्या फरशीवर आत वळली. मनगटावरची लव उभी राहिली. तिने हात सोडला नाही. दार उघडलं, पाण्याची बाटली काढली, दार लावलं आणि मग वळून वडिलांकडे बघितलं.

"काही नाही, बाबा. नुसती थंडगार आहे. तुम्ही राहा इथे."

जन्मभरात चुकीच्या उत्तराला ज्यांनी अर्धा मार्कसुद्धा दिला नव्हता, ते सर काही वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले.

"बरोबर," ते म्हणाले.