तुमास्नी कुनी सांगितलं?

मला मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन मी आधी शेजारच्या मुलाणी सरांकडे गेलो. अहो, माणूस अशा वेळी अभिनंदन करतो. सर म्हणाले, "आवं भूगोल, तुमास्नी कुनी सांगितलं?"

"नर्सबाईंनी."

"तिनं सोताच्या डोळ्यानं बगितलं, का तिलाबी कुनी सांगितलं?"

खात्री पटल्यावरच पेढा तोंडात गेला. मग दुसराही गेला.

सर साताऱ्यात आमच्याच कॉलेजात अरबी शिकवायचे. वर्गात विद्यार्थी तीन, त्यातला एक पंख्यासाठी यायचा. मूळचे सांगलीकडच्या कुंडलचे. अरबी अस्खलित, मराठी मात्र शेवटपर्यंत कुंडलची. आम्हा प्राध्यापकांना ते विषयावरून हाक मारत, म्हणून मी भूगोल. इस्लामच्या जुन्या धर्मकथांमागे त्यांनी वीस वर्षं घालवली होती. त्या कथांच्या आधी सांगणाऱ्यांची नावं येतात. यानं त्याच्याकडून ऐकलं, त्यानं अमक्याकडून. ही साखळी कुठे तुटते ते शोधायचं, हे सरांचं काम. प्रत्येक सांगणाऱ्याचं एक कार्ड. त्याचं स्मरण कसं, तो खोटं बोलायचा का, सगळं त्यावर. साखळी तुटली की तांबड्या पेन्सिलीची रेघ, आणि कथा बाद!

कार्डं बिस्किटांच्या डब्यांत असत. एकदा चहा होईस्तोवर मी एक डबा उघडला, तर आत आमची आख्खी गल्ली! माझ्या कार्डावर लिहिलं होतं, 'स्मरण बरे. मीठमसाला लावतो.' आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

एकाहत्तरच्या लढाईत सरांचा फौजेतला एकुलता एक मुलगा लतीफ बेपत्ता झाला. 'बेपत्ता, बहुधा मृत' अशी तार आली. गल्ली रडली, सर रडले नाहीत. "ह्यात बगनाऱ्याचं नाव कुटं हाय?" म्हणत त्यांनी तार डब्यात ठेवली. पुढे तीन वर्षं लोक सांत्वनाला येत, सर साक्षीदार मागत, आणि लोक चहा अर्धा टाकून उठत.

मग एके दिवशी कराड स्टँडवर ओळखीच्या कंडक्टरनं मला गाठलं. त्याच्या गाडीत एक जवान बसला होता. त्याला दुसऱ्या कुणा जवानानं सांगितलं होतं, की सरहद्दीपलीकडच्या इस्पितळात साताऱ्याकडचा एक मुलाणी पाहिला. एवढंच. सरांपुढे ही साखळी टिकते कसली! तरी जाऊन सांगितलं.

सर म्हणाले, "पुन्यांदा सांगा."

पुन्हा सांगितलं. त्यांनी कोरं कार्ड काढलं आणि लिहू लागले. मलाच राहवेना. "सर, पाहणारा निनावी आहे. त्या जवानाचंही नाव कंडक्टरला ठाऊक नाही. आणि मी कसा आहे, ते तुमच्याच डब्यात आहे."

"ठावं हाय मला." तांबडी पेन्सिल त्यांनी खणात टाकली आणि खण लावून घेतला. "काय करत हुता म्हनं त्यो?"

कंडक्टर त्यातलं अक्षर बोलला नव्हता.

"जेवत होता," मी म्हणालो.

"आन् हसत हुता?"

"हो तर. लय हसत होता."

सरांनी ते सावकाश लिहून घेतलं आणि खाली, सांगणारा म्हणून, माझं नाव घातलं.

"बसा, भूगोल," ते म्हणाले. "आनखी सांगा."