बरणीतल्या आवाजाची चोरी

“मी जन्मलो तेव्हा रडलो नाही,” काका सांगतात. “आधी खोलीची पाहणी केली.” हे तुम्हाला कोणी सांगितलं असं विचारलं, तर म्हणतात, “सांगायला कशाला हवं? अनुमान काढता येतं.”

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी सगळी नोकरी पाण्याचे मीटर वाचण्यात काढली. घर खरं ओळखतो तो मागच्या दारानं जाणारा माणूस, असं त्यांचं म्हणणं. मीटरच्या काट्यावरून कोणाकडे पाहुणे तळ ठोकून आहेत, कोणाची सून रुसून माहेरी गेली आहे आणि कोण अंघोळीच्या बाबतीत खोटं बोलतं, हे त्यांना कळे. निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाऊ नये म्हणून ते गुप्तहेर झाले. या प्रकरणापर्यंत हाती घेतलेलं एकही प्रकरण सुटलेलं नव्हतं. त्याला ते ‘तपास चालू आहे’ म्हणतात.

या वेळी त्यांना मीच बोलावलं. पोलिसांना सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण चोरीला गेला होता तो एक आवाज.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. ते पाइप ओढायचे, आणि ओढण्यापेक्षा जास्त वेळ तंबाखू मुरवण्यात घालवायचे. त्यांचा तंबाखू फ्लेक जातीचा. पानं एकावर एक दाबून घट्ट वडी करतात आणि तिचे पातळ काप काढतात. हे काप काचेच्या बरण्यांत भरून बाबा जिन्याखालच्या थंड, अंधाऱ्या कोनाड्यात वर्षानुवर्षं ठेवून देत. कोनाड्याला ते तळघर म्हणत. हवाबंद बसलेल्या बरणीचं झाकण मधोमध आत ओढलेलं असतं. ती पहिल्यांदा उघडली की ‘टक्’ असा आवाज होतो. एका बरणीतून एकदाच. तो झाला की स्वयंपाकघरातून आई मान वर न करता म्हणायची, “आधी जेवून घ्या.”

त्यातली एक बरणी आम्हा दोघांची होती. मी घर सोडून नोकरीला गेले त्या आठवड्यात बाबांनी ती भरली. म्हणाले, “दहा वर्षं हात लावायचा नाही. मग दोघं मिळून उघडू. पहिला वास तुझा, पहिला झुरका माझा.” दहा वर्षं या महिन्यात भरली. मी आले, कोनाड्यात वाकले, तर झाकण मधोमध वर आलेलं.

“कोणीतरी ते आधीच उघडलंय,” मी काकांना म्हणाले. “मला तंबाखू नकोय. तो आवाज आणि पहिला वास, एवढंच हवं होतं.”

काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग कोटाची कॉलर वर केली. कोट बाबांचा, करड्या लोकरीचा, काकांना खांद्यांत सैल. थंडी सुरू झाल्यावर आईनं कपाटातून काढून त्यांना दिला होता आणि तेव्हापासून तो त्यांचा गणवेश झाला होता.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी अनेक वर्षं पगारी म्हटलं होतं.

आईला विचारायचं नाही, असं ठरलं. काकांचं कारण, “वहिनींना त्रास नको.” माझं कारण वेगळं होतं. त्या बरणीचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

बरणीची तपासणी काकांनी भिंगानं केली. एका कापावर त्यांना बारीक पांढरे कण दिसले. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“विष.”

“काका, ती साखर आहे. पानांतली. खूप मुरलं की वर येते. बाबा तिची वाट बघायचे.”

“दादाला असंच वाटावं, हाच डाव.”

“पण बाबा तर आधीच गेले.”

“गुन्हेगाराला उशीर झाला,” काका म्हणाले. “होतं असं.”

मग काकांनी चव घेऊन पाहण्याचा निर्णय घेतला. बाबा एका झुरक्यात सुकं अंजीर, ओलं गवत आणि जुन्या पुस्तकाची पाठ ओळखायचे. काकांनी कापाचा कोपरा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले आणि मग खिडकी उघडून बाहेर थुंकले.

“काय कळलं?”

“तंबाखू आहे.”

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांवर गेला. ते रोज संध्याकाळी बाबांना तंबाखू सोडा म्हणून सांगायला यायचे आणि सांगता सांगता त्यांचाच पाइप भरायचे. दवाखान्यात पाऊल टाकताच काकांनी माझं मनगट धरलं.

“वास येतोय. तोच. अंजीर.”

मलाही आला.

“या, तोंड उघडा,” डॉक्टर म्हणाले.

“तोंड तुम्ही उघडायचंय,” काका म्हणाले. “बरणी कुठाय?”

“कसली बरणी? ते गेल्यापासून मी पाइपला हात लावलेला नाही. एकट्यानं ओढण्यात काय मजा?” डॉक्टर वाकून बघत म्हणाले, “खालची दाढ किडलीये तुमची. इथूनच दिसतेय.”

काकांनी याला साक्षीदाराला दिलेली धमकी मानलं.

दुसरा संशय वाचनालयाच्या बाईंवर, कारण बाबांना पुस्तक परत करायला उशीर होई आणि त्या दंड माफ करीत. “माणूस उगाच माफ करत नाही,” काका म्हणाले. तिथेही तोच वास. बाईंनी आयुष्यात काडी पेटवली नव्हती. वाचनालयात ‘धूम्रपानास मनाई’ अशी पाटीच होती. काकांच्या मते पाटी हाच पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते चेहरा पाडूनच.

“काल माझ्या घरीसुद्धा वास आला. झोपायच्या खोलीत. तुझ्या काकूला विचारलं, तर म्हणाली, घरभर येतोय, तुम्ही गेलात की जातो.” त्यांनी आवाज खाली आणला. “तो माझा पाठलाग करतोय. मी जाईन तिथे पोचतोय.”

“कोण पोचतोय?” आई चहा घेऊन आली होती. “भाऊजी, आधी तो कोट काढा बघू.”

“वहिनी, मी कामावर आहे.”

“काढा म्हणते ना.”

काकांनी कोट काढला. आईनं आतल्या खिशात हात घातला आणि कागदात गुंडाळलेला तंबाखूचा एक काप काढून बशीत ठेवला.

“लोकरीला कसर लागते,” ती म्हणाली. “मी कायम ह्यांच्या बरण्यांतला तळाचा चुरा टाकायची खिशांत. या वर्षी चुरा नव्हता. एकच बरणी भरलेली दिसली, त्यातले काप घातले. तुम्हाला देताना काढायचा राहिला, इतकंच.”

काका बशीतल्या कापाकडे बघत होते. सगळी गल्ली त्यांनी स्वतःच्याच खिशाच्या मागावर पालथी घातली होती.

“आई, ती बरणी बाबांनी आणि मी...”

“ते मला कोणी सांगितलं होतं?” आई म्हणाली. रागानं नाही. “तुमचं बापलेकीचं काहीतरी असायचंच.”

मी विचारलं, “उघडताना आवाज झाला?”

“झाला.”

“मग?”

“मग काय? एकटी मीच तर होते घरात.” तिनं रिकामा ट्रे उचलला आणि ती आत गेली.

काकांनी घसा साफ केला. “पाण्याच्या भाषेत,” ते म्हणाले, “याला गळती म्हणत नाहीत. घरातलाच वापर.” हे त्यांचं पहिलं सुटलेलं प्रकरण. ते आईनं सोडवलं, ही गोष्ट त्यांच्या मते तपशिलाची आहे.

संध्याकाळी मी ती बरणी टेबलावर आणली. बाबांचा पाइपही आणला. लहानपणी शिकवल्याप्रमाणे काप तळहातावर चोळून मोकळा करायचा, मग थोडा वाळू द्यायचा, हे मला अजून येत होतं. पहिला वास उरला नव्हता. जो होता तो घ्यायचा, असं मी ठरवलं. काका समोर बसले होते, कोट पुन्हा अंगात. आईनंच तो त्यांच्या अंगावर चढवला होता, खिशातल्या कापासकट.

मी झाकण फिरवलं. ते मुकाट्यानं निघालं.

तेवढ्यात काकांनी, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, जिभेनं टाळूवर आवाज काढला.

टक्.

स्वयंपाकघरात भांड्यांची खडखड थांबली.

“आधी जेवून घ्या,” आई आतून म्हणाली.