बाईसाहेबांची मीठमोहरी

पद्मजा सायकलवरून दहा किलो कणकेची पिशवी घेऊन घरी पोचली, तेव्हा शैलेंद्र ताडपत्रीखाली अर्धा शिरून गाडीचं चाक पुसत होता. पाऊस पडत होता. गाडीवर ताडपत्री होती, कणकेवर नव्हती.

"शैलेन, पिशवी उतरव जरा."

"एक मिनिट गं, हाताला पॉलिश लागलंय."

"माझी बोटं हँडलला चिकटलीत. ती सोडवायला तरी ये."

नेदरलँडमधल्या आइंडहोवनजवळच्या फेल्डहोवनमधलं हे दृश्य २०२०च्या ऑक्टोबरातलं. शैलेंद्र इंजिनिअर, चिप तयार करणाऱ्या अगडबंब यंत्रांवर काम करणारा. मुलगा अपूर्व ग्रोनिंगनला शिकायला गेला, त्याच उन्हाळ्यात कोरोनामुळे पुण्याला जाणं रद्द झालं, आणि घरात बसून बसून माणसांना जे काय सुचायला लागलं होतं ते शैलेंद्रलाही सुचलं. कुणी पाव भाजायला घेतले, कुणी गिटार आणली. शैलेंद्रनं घरातली मोठी, शहाणीसुरती गाडी देऊन टाकली आणि लालभडक, दोनच माणसांची, छप्पर उघडणारी, वीस वर्षं वयाची स्पोर्ट्स कार आणली.

"आता आपण दोघंच तर आहोत," तो पद्मजाला म्हणाला होता. "आणि रंग बघ. थेट तुझ्या त्या नेलपॉलिशचा!"

पद्मजाची ती नेलपॉलिशची बाटली मार्चपासून कपाटात पडून होती, कारण लावून जायचं तरी कुठे? तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, डिकी उघडून पाहिली, तिच्यात कणकेची पिशवी उभी राहणार नाही हे ताडलं आणि गाडीचं नाव बाईसाहेब ठेवलं.

उन्हाळा झकास गेला. ऑक्टोबरात मात्र अजितनं घोटाळा केला. अजित म्हणजे शैलेंद्रच्या टीममधला, ज्याला सगळ्यातलं सगळं कळतं असा एक असतो ना, तो.

"हिवाळ्यात चालवणार नाहीस ना?" त्यानं व्हिडिओ मीटिंग संपता संपता विचारलं. "इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते खालून गाडी खातं. मार्चपर्यंत चाळणी होते बघ."

शैलेंद्रनं हाय खाल्ली. त्या संध्याकाळी पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला, तर तिलाही त्यानं तेच सांगितलं. साधनाताईंना गाडीपेक्षा मिठाची काळजी वाटली.

"रस्त्यावर? खायचं मीठ? पायदळी?" त्या स्क्रीनच्या इतक्या जवळ आल्या की फक्त चष्मा दिसू लागला. "अरे, चिमूटभर मीठ सांडलं तरी वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं म्हणतात. त्या नगरपालिकेतल्या लोकांचं कसं व्हायचं रे?"

"आई, इथे गाडीचं कसं व्हायचं ते सांग."

"मला तर कळतच नाही," पद्मजा मागून म्हणाली. "मीठ लावलं की वस्तू टिकते. आपली लोणची वर्षभर टिकतात. हीच एक बरी नासते!"

पण शैलेंद्रचं ठरलं होतं. बाईसाहेब हिवाळाभर कुठेतरी बंदिस्त, कोरड्या जागी राहणार. पद्मजानं टॉवेलनं कणकेची पिशवी पुसली आणि शांतपणे आपली अट घातली. नवरा-बायकोच्या भांडणात असा शांत आवाज आला की समजावं, आता खरं बोलणं सुरू झालं.

"ठेव. मी हिवाळाभर सायकलवरून सामान आणीन. पण एवढं जपूनही गुढीपाडव्यापर्यंत गंजाचा एक जरी ठिपका दिसला, तर गाडी विकायची आणि मोठी डिकीवाली आणायची. कबूल?"

"कबूल," शैलेंद्र म्हणाला. म्हणाला खरा, पण त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला. शाळेच्या वहीत मागच्या पानांवर गाड्या काढणाऱ्या मुलाला पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी मिळाली होती. ती जाऊ द्यायची त्याची मुळीच तयारी नव्हती.

जागा मिळाली ती जवळच्या एका खेड्यात, टून नावाच्या शेतकऱ्याच्या कोठारात. आता, पद्मजा डच परीक्षा पास झालेली होती, तेव्हा तिला बरोबर नेणं शहाणपणाचं झालं असतं. पण शैलेंद्र एकटाच गेला. त्याला डच भाषेतली नामं समजत. उरलेलं वाक्य तो स्वतःच्या मनानं भरून काढी.

टूनचे म्हातारे वडील घरात असल्यामुळे तो कुणाला जवळ येऊ देत नव्हता. अंगणाच्या त्या टोकाला उभा राहून, मास्कमधून, वर ब्राबांट प्रांताच्या खेडवळ हेलात तो बोलत होता. शैलेंद्रच्या कानांवर पोचलं ते असं: कोठार, कोरडं, स्ट्रो, बर्फ, किल्ली.

स्ट्रो म्हणजे पेंढा, हे त्याला ठाऊक होतं. कोठारात एका बाजूला काळ्या प्लॅस्टिकखाली मोठा ढीग दिसतही होता. बर्फ पडला तरी काळजी नाही, किल्ली सांभाळा, असं टून म्हणत असणार. किती भला माणूस!

"या, या, प्रिमा!" शैलेंद्र डचमध्ये म्हणाला, म्हणजे हो, हो, उत्तम! टूननं पुन्हा काहीतरी सांगितलं. शैलेंद्र पुन्हा "या, या, प्रिमा!" म्हणाला. तिसऱ्यांदा टूननं हातानं किल्ली फिरवल्याची खूण केली, तेव्हा शैलेंद्रनं खिशातली किल्ली काढून त्याला दाखवली, छातीशी धरली आणि परत खिशात घातली. टूननं खांदे उडवले. शैलेंद्रनं गाडी गिअरमध्ये ठेवली, स्टिअरिंग लॉक केलं, दारं लावली आणि घरी येऊन किल्ली देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे ठेवली.

"कसं आहे कोठार?" पद्मजानं विचारलं.

"एकदम खडखडीत कोरडं. शेजारी नुसता पेंढा."

त्यानंतर दुकानं बंद झाली, शाळा बंद झाल्या, संचारबंदी आली. थंडी मात्र नावालाच होती. एखाद्या सकाळी घरासमोरून मिठाची गाडी गेली की शैलेंद्र चहाचा कप घेऊन खिडकीत उभा राही. "टाका, टाका," तो म्हणे. "आमच्या बाईसाहेब पेंढ्यात आहेत." मागून पद्मजा तांदळाची पिशवी सायकलवरून उतरवत असे.

फेब्रुवारीत एका रात्रीत सगळा देश पांढरा झाला. बसेस बंद, आगगाड्या बंद, लोक घसरगाड्या घेऊन रस्त्यावर. आणि सकाळी टूनचा फोन आला.

शैलेंद्रला ऐकू आलं ते: बर्फ, किल्ली, आत्ता. मग एक शब्द आला जो त्याच्या डच ॲपमध्ये नव्हता. त्यानं फोन पद्मजाकडे दिला. तिनं ऐकलं, दोनदा "माफ करा" म्हटलं आणि फोन ठेवला.

"बूट घाल," ती म्हणाली. "आणि अन्नपूर्णेला नमस्कार करून किल्ली घे."

"झालं काय?"

"वाटेत सांगते. चालतच जायचंय."

पण वाटेत तिनं काही सांगितलं नाही, नुसती अधूनमधून हसू दाबत होती. धापा टाकत, घसरत, एकमेकांना धरत दोघं खेड्यात पोचली. सायकलीच्या रस्त्यावर ढोपरभर बर्फ होता. टून कोठाराच्या दाराशी ट्रॅक्टरवर हाताची घडी घालून बसला होता, आणि आजूबाजूला गावातली चारपाच मंडळी अंतर राखून उभी होती. स्पोर्ट्स कारचा मालक दिसतो तरी कसा, हे पाहायला ती आली होती.

आता टून बोलला आणि पद्मजा सांगत गेली.

"तो म्हणतोय, गावातल्या रस्त्यांवर मीठ टाकायचं काम त्याच्याकडे आहे. मीठ टाकायचं यंत्र कोठारात मागे आहे. त्याच्यापुढे तुझी गाडी आहे. बर्फ पडला तर ती हलवावी लागेल, म्हणून किल्ली इथेच ठेव, असं त्यानं तुला तीनदा सांगितलं. आणि तू तीनदा 'प्रिमा' म्हणालास."

शैलेंद्रचा चेहरा पडला. पण त्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी अडकलं होतं.

"मीठ... मीठ ठेवतो कुठे हा?"

टूननं खाली उतरून काळं प्लॅस्टिक ओढलं. आत गाडीच्या छपराहून उंच असा पांढरा डोंगर उभा होता. बाईसाहेब त्याला जवळजवळ टेकून, उशीला टेकावं तशा, निवांत उभ्या होत्या. शैलेंद्र पुढे झाला, एक खडा उचलून त्यानं जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"स्ट्रोइझाउट," टून म्हणाला.

"स्ट्रो नाही, स्ट्रोइ," पद्मजा म्हणाली. "स्ट्रोइ म्हणजे पसरायचं. झाउट म्हणजे मीठ. तू चाखलंसच."

"पण तो म्हणाला होता, आत एकदम कोरडं आहे!"

"मीठ आणखी कुठे ठेवतात रे? न्हाणीत?"

सगळ्या नेदरलँडमध्ये मिठापासून लांब राहायला शैलेंद्रनं नेमकी मिठाची वखार शोधून काढली होती. तो तिथल्याच एका उपड्या बादलीवर मटकन बसला. पण रडायलाही वेळ नव्हता. बॅटरी बसलेली होती. टूननं ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी अंगणात ओढली, वायरी लावून सुरू करून दिली. शैलेंद्रनं ती हलवली मात्र, मागची चाकं गर्रकन फिरली, गाडीनं अंगणातच एक गिरकी घेतली आणि तोंड पुन्हा कोठाराकडे केलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"मागे वजन नाही, म्हणून घसरतेय," टूनच्या वतीनं पद्मजा म्हणाली. तोवर टूननं कोठारातून दोन भरलेल्या गोण्या आणून डिकीत ठेवल्याही होत्या. त्यांत काय आहे हे शैलेंद्रनं विचारलं नाही. वासावरून काही कळत नव्हतं, पण अंदाज येत होता.

"ऊठ," पद्मजा त्याला म्हणाली. "इकडे ये, मी चालवते."

"तू? बर्फात?"

"बर्फ नाही माहीत. चिपळूणचा चिखल माहीत आहे. बाबांची जीप कॉलेजात असताना मीच काढायची. दुसरा गिअर, पाय हलका, आणि शेजारच्यानं गप्प बसायचं."

ती बसली. काचांवर आतून वाफ धरली, समोरचं काही दिसेना. तिनं रुमालानं पुसून पाहिलं, मग एक बटण दाबलं. छप्पर कुरकुरत उघडलं, आणि तेवढ्या वेळात त्यावर भुरभुरून साचलेला बर्फ शैलेंद्रच्या मांडीवर पडला. गाडी हळूच, अगदी शहाण्यासारखी, फाटकातून बाहेर निघाली.

मागून टूनचा ट्रॅक्टर निघाला, मिठाचं यंत्र लावून.

"पद्मा, तो मागे येतोय!"

"रस्ता एकच आहे. कुठून येणार?"

"अगं, मीठ टाकत येतोय!" शैलेंद्र सीटवर उलटा वळून पाहत होता. पुढचा रस्ता शुभ्र, बिनमिठाचा होता, आणि तो बिनमिठाचा राहिला होता याला कारण शैलेंद्रच होता. "थोडं जोरात घे ना!"

"चिखलात जोर करायचा नसतो."

अशी ती मिरवणूक गावातून गेली. पुढे छप्पर उघडी लाल स्पोर्ट्स कार, पायी चालणाऱ्याच्या वेगानं. मागे दिवे लुकलुकवत ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना मीठ उधळत. खिडक्यांतून लोक हात हलवत होते, कुणीतरी भांडंही वाजवलं. आणि पद्मजा हसायला लागली. पहिल्यांदा बारीक, मग मोठ्यानं, मग तिला डोळे पुसावे लागले. जवळजवळ वर्षभरात ती अशी हसली नव्हती, हे शैलेंद्रच्या तेव्हा लक्षात आलं. त्याला एकदम फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

"आपल्या लग्नात वरात काढली नव्हती," ती म्हणाली. "राहिलेली आज निघाली बघ!"

घरी पोचल्यावर तिनं आईंना व्हिडिओ लावून गाडी दाखवली. साधनाताई खूश झाल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "सगळ्या गावानं पाहिली म्हणता ना? दृष्ट लागेल. आधी मीठमोहरी ओवाळून टाका."

"आई," शैलेंद्र गाडीखालून म्हणाला. तो पाठीवर झोपून, हातात ब्रश घेऊन मीठ काढत होता. "मीठ भरपूर झालंय. तू तिकडून फक्त मोहरी ओवाळ."

"ब्रश कशाला?" पद्मजा म्हणाली. "पापण्यांनी वेच."

पाडव्याच्या आधीच्या रविवारी निकालाचा दिवस आला. शैलेंद्र सकाळीच टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरू लागला. पुढचा भाग स्वच्छ होता, मागचा स्वच्छ होता. पण उजव्या दाराच्या खालच्या कडेला तो थांबला. तिथे बोटाच्या टोकाएवढी जागा बाकीच्या लाल रंगापेक्षा किंचित जास्त लाल, जास्त चकचकीत होती. त्यानं नखानं हलकेच खरवडलं. लालीखाली तांबूस खरबरीत काहीतरी होतं.

तो उठून आत गेला. कपाटात नेलपॉलिशची बाटली होती, तळाशी थेंबभर उरलेली.

पद्मजा ओट्याशी श्रीखंडासाठी चक्का फेटत होती. शैलेंद्रनं दारातून तिच्या हातांकडे पाहिलं. तिची नखं कोरी होती.

"मिळाला का ठिपका?" तिनं न वळता विचारलं.

"नाही," शैलेंद्र म्हणाला. "एकही नाही."

"मी कालच पाहिलं होतं. नाहीच आहे."

"हल्ली नेलपॉलिश लावत नाहीस?"

"संपली," पद्मजा म्हणाली आणि चक्का फेटत राहिली. "तू कणीक आणायला जाणार आहेस ना? गाडीनं जा. पिशवी शेजारच्या सीटवर बसव, पट्टा लाव तिला. आणि येताना एक बाटली आण, त्याच रंगाची. पुढच्या हिवाळ्यात लागेल."