मणी न हलणारा सोरोबान

वापरात असलेली वस्तू सुंदर नसते. ती फक्त वापरात असते.

नियम ६ (जुने सोरोबान सौंदर्य मंडळ): मण्यांवर बोटांचा काळपट तेलकटपणा असावा. बोटं नसावीत.

शनिवारी पाऊस असूनही शिकवणीला सातही मुलं आली. एकीने कोरडे मोजे पिशवीत वेगळे आणले होते.

सोरोबान म्हणजे मण्यांची जपानी हिशेबपाटी: लाकडी चौकटीत तेवीस दांड्या. आडव्या पट्टीच्या वर एकेक मणी, खाली चार-चार.

नियम ७: पूर्वीचा मालक हयात नसणे श्रेयस्कर. (असल्यास घाई करू नये. फळं पाठवावीत.)

त्या ऑक्टोबरात तोयोबाईंकडे पर्सिमन फळांच्या तीन पेट्या आल्या.

अमागाई तोयो, वय शहाऐंशी, शिमानेच्या डोंगरातल्या त्या गावात साठ वर्षं सोरोबानवर हिशेब शिकवत होत्या, आणि तेही एकाच सोरोबानवर. त्याच्या मण्यांवर बोट टेकलं की त्यांना उत्तर आधी यायचं, प्रश्न मागून. एवढा एक दोष सोडला तर बाई गावाच्या प्रगतीत कुठेच आड येत नव्हत्या.

प्रगती मोठी होती. मंडळाच्या पाहणीनुसार गावातल्या ७१ टक्के घरांत जुना सोरोबान दर्शनी जागी होता. त्यातले बहुतेक उभे टांगलेले, म्हणजे मणी घसरून खाली गोळा होतात आणि धूळ एकाच ठिकाणी बसते. (सफाईच्या दृष्टीने हे सोयीचं.) तीन टक्के घरांत त्यावर मोबाइल ठेवत. हिशेबाला सोरोबान वापरणाऱ्या घरांचा रकाना छापताना जागेअभावी गाळला होता.

उणीव होती ती गरम झऱ्यावरच्या सराईमध्ये. तिचे मालक काजितानी यांनी दिवाणखाना नव्याने सजवायला तोक्योहून हात्सुकानो नावाचे सजावटकार आणले होते. हात्सुकानोंनी बाईंचा सोरोबान पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग मंडळाची सभा झाली.

"बाई, हा आमच्या दिवाणखान्यात शोभेल," काजितानी मान लववून म्हणाले.

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. "विचार करते," त्या म्हणाल्या.

त्या गावात 'विचार करते' याचा अर्थ 'नाही' असा होतो. यापेक्षा स्पष्ट नकार गावात शेवटचा कधी दिला गेला, ते कोणाला आठवत नाही. खोलीतल्या अकरा जणांना तो कळला. हात्सुकानो बारावे. त्यांनी दोन्ही हात जोडले, तीनदा वाकले आणि "आभारी आहे, फार आभारी आहे" म्हणाले.

आता पाहुण्याला चूक दाखवायची म्हणजे त्याचा चारचौघांत पाणउतारा. म्हणून अकरा जण गप्प बसले. बाईही त्या अकरांतच होत्या. इतिवृत्तात 'संमती (सद्गदित)' अशी नोंद झाली.

दोन आठवड्यांनी बाई स्वतःच सोरोबान फडक्यात गुंडाळून दुरुस्तीवाल्या तोकुमारूकडे घेऊन गेल्या. भूकंपाच्या नियमांप्रमाणे फळीवर मांडलेली वस्तू हलता कामा नये. हलू शकणारे मणी एकशेपंधरा होते. तेव्हा ते चिकटवायचे ठरले होते.

"बाई, तुम्ही नको म्हणा, मी चिकटवत नाही," तोकुमारू म्हणाला. तो एकोणसत्तर वर्षांचा.

"म्हटलं ना मी."

"मोठ्याने म्हणा."

"मोठ्याने म्हणायला मी काय मासळीवाली आहे? आणि तू कोण रे मला शिकवणार? अजून हातचा विसरतोस ना?"

"कधी कधी," तोकुमारूने कबूल केलं.

"मग गोंद तरी नीट लाव."

मणी कोणत्या आकड्यावर चिकटवावेत यावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या होत्या. चार आणि नऊ अशुभ म्हणून बाद. शून्य ठेवावं तर सराईला गिऱ्हाईक नाही असं वाटेल. शेवटी हात्सुकानोंनी मणी डोंगररांगेसारखे मांडायला सांगितले. ते खरोखर डोंगरांसारखे दिसतात. अडचण एवढीच, की जो सोरोबान शिकला त्याला तिथे डोंगर दिसत नाहीत, तेवीस आकडी संख्या दिसते. गावातली मंडळी चहा पिता पिता ती मनात वाचतात, बोटाने मणी खाली सारून पाटी कोरी करायला उठतात आणि मणी हलत नाही म्हणून परत बसतात. पर्यटकांना ही स्थानिक प्रार्थना वाटते. तिचं वेळापत्रक आता माहितीपत्रकात छापलं आहे.

उद्घाटनाला बाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. फीत कापल्यावर काजितानींनी विचारलं, "कसं वाटतंय, बाई?"

"छान. अगदी माझाच वाटत नाही," बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो सोरोबान आता मंडळाच्या प्रथम श्रेणीत आहे. नियम ७ बाईंपुरता शिथिल केला. त्याचं छायाचित्र सुंदर येतं. तुम्हीही ते पाहिलं असेल, कदाचित आपल्या भिंतीसाठी तसाच एक शोधलाही असेल. इथवर वाचून झालं, पण शनिवारी त्या सात मुलांना बाई कशावर शिकवतात, हे काही तुम्ही विचारलं नाही. संकोच नको. मंडळानेही विचारलं नव्हतं.

गोंद पुरता वाळायला बावीस तास लागतात. बाई चौथ्या तासाला तोकुमारूच्या दुकानात आल्या, मण्यांवर बोट फिरवलं आणि सोरोबान तिथेच ठेवून गेल्या; तेव्हा मणी अजून हलत होते.