नानांच्या काखेतली सीट

सकाळच्या पॅसेंजरला लोक डबा घेऊन चढतात, छत्री घेऊन चढतात, एखादा कोंबडीसुद्धा घेऊन चढतो. आमचे विठ्ठलनाना सायकलची सीट घेऊन चढायचे. चांगली नळीसकट, काखोटीला मारून.

नव्या टीसीनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तो पास विचारायचंच विसरला.

"हे काय आहे?"

"सीट शे."

"ते दिसतंय. पण गाडीत कशाला?"

"बसाले जागा देतस नही तुम्ही, म्हनीसन घरथीन लयनू!"

अख्खा डबा हसला. टीसी पुढच्या डब्यात गेला तो महिनाभर आमच्याकडे फिरकला नाही.

नाना अमळनेरला पाटबंधारे खात्यात कारकून, मी तिथल्याच एका शाळेत मास्तर. दोघंही अप-डाऊनवाले. आमचं स्टेशन नरडाण्याच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण पुढे एका ठेकेदाराची अब्रू जायची आहे.

नानांच्या डोक्याला पुरतं टक्कल, तरी वरच्या खिशात कायम कंगवा. तो पंख्यासाठी. आमच्या गाडीतला पंखा नुसत्या बटणाला कधी दाद देत नसे, जाळीतून कंगवा घालून पात्याला ढोसावं लागे. हा मान नानांचा. कंगव्याच्या शेजारी नटबोल्ट खोलायचा पाना. या दोन हत्यारांवर हा माणूस सगळ्या रेल्वेशी भांडायला तयार असे. संडासात पाणी नसलं की नाना गार्डाला त्याच्या डब्यातून उतरवून कोरडा नळ दाखवायला आणत. गार्डानं शिट्टी तोंडाला लावली की ओरडत, "पहिले पानी, मंग शिट्टी!" आम्ही कपाळाला हात लावायचो. मला शाळेत उशिराचा शेरा मिळायचा. मी चिडलो की नानांचं ठरलेलं उत्तर, "मास्तर, गाडी बठ्ठासनी शे!" म्हणजे सगळ्यांची.

आता ही सीटची भानगड काय, ते सांगतो.

स्टेशनाबाहेर सायकल स्टँड होता. स्टँड म्हणजे चार बांबूंवर पत्रे आणि त्याखाली सुपडूभाऊ. ना बिल्ला, ना पावती. महिन्याच्या शेवटी जो जे देईल ते घ्यायचे. बिल्ला मागितला की म्हणायचे, "कसाले बिल्ला? मी घंटीवरथीन सायकल वळखस." आणि खरोखर ओळखायचे. मला वाटायचं, म्हातारा रुबाब करतो.

मग स्टँडचा ठेका निघाला. ठेकेदार आला, तारेचं कुंपण आलं, पत्र्याचे बिल्ले आले आणि भाडं दुप्पट झालं. सुपडूभाऊ बाहेर. आम्ही चार दिवस कुरकुरलो आणि मुकाट्यानं बिल्ले घेऊ लागलो. नाना तेवढे अडून बसले. "पैसा नही देवाव!" म्हणाले आणि सायकल कुंपणाबाहेरच्या निंबाला साखळीनं बांधली. चोरीला जाऊ नये म्हणून पाना काढून सीट खोलली आणि घेतली काखेत.

ठेकेदार धावत आला. "नाना, स्टेशनात सायकल लावायची तर पैसे पडतील."

"सायकल? सीट नही, तिले सायकल कशी म्हनतस रे तू?"

ठेकेदारानं निंबाकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं आणि डोकं खाजवत परत गेला.

खोटं कशाला बोलू, मी त्यांना मनातल्या मनात कंजूष म्हणायचो. मनातल्या मनात काय, डब्यातसुद्धा म्हणायचो. एकदा संध्याकाळी पत्त्यांच्या नादात सीट गाडीतच राहिली आणि सुरतेला गेली. नाना तीन मैल उभ्यानं पायडल मारत घरी गेले. ठेकेदार खो खो हसला. नाना जाता जाता ओरडले, "हसी ले! पैसा तर नही भेटना ना तुले!"

सुपडूभाऊ त्याच निंबाखाली बसून असायचे. सवय, दुसरं काय, असं आम्ही म्हणायचो. नाना सकाळी घंटी वाजवून सायकल बांधायचे, "सुपडू, ध्यान ठेव रे!" म्हणायचे. सुपडूभाऊ जागचे न हलता ताठ बसून सांगायचे, "जा तू, मी आठेच शे." मला हसू यायचं. सीट काढलेल्या खटाऱ्यावर ध्यान कसलं ठेवायचं!

एका संध्याकाळी आम्ही उतरलो तर निंबाखाली सायकल नव्हती. साखळी तुटून पडली होती. ठेकेदाराच्या माणसांनी सायकल उचलून आत नेली होती, कुंपणातून मला दिसतच होती. आता इथे महाभारत होणार, असं म्हणून मी पिशवी खाली ठेवली.

पण सुपडूभाऊ निंबाच्या बुंध्यावरून दोन्ही हात फिरवत होते. वरून खाली, परत वरून खाली. सायकल वीस पावलांवर उभी होती आणि ते झाड चाचपत होते. "मी आठेच व्हतू... पानी पेवाले तेवढा गयथू..."

नानांनी माझं मनगट आवळलं. कानाशी येऊन म्हणाले, "त्याले दिसत नही, मास्तर. दोन वरीस व्हयनात. कोनले सांगू नका." मग जरा थांबून म्हणाले, "त्याना हातखालथीन सायकल चोरी गई असती, तर तो जगता नही."

ठेकेदाराला नाही म्हणायला नाना खंबीर होतेच. पण सीट काढायची ती यासाठी, की आंधळ्याच्या राखणीतली सायकल कुणाला चोरावीशीच वाटू नये. आणि मी या माणसाला कंजूष म्हणत होतो. लाज वाटली मला, चांगली लाज वाटली.

नाना स्टँडवर गेले. भांडले नाहीत. सगळं भाडं दंडासकट चुकतं केलं. ठेकेदार दात काढून काहीबाही बोलला, तेही गिळलं. घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर अंगठा दाबून सायकल लांबच्या वाटेनं निंबामागे आणली आणि मग खणखणीत वाजवली.

"सुपडू! आठे शे ना भो! सकायले घाईमा मीच मांगला झाडले बांधेल व्हती."

सुपडूभाऊंनी हँडल चाचपलं, घंटी चाचपली, श्वास सोडला. मग हसले. "नाना, तू म्हतारा व्हयना रे! काहीच ध्यानमा राहत नही तुना."

"हा भो," नाना म्हणाले, "व्हयनू."

गार्डाची शिट्टी अडवणारा हा माणूस हे मान खाली घालून ऐकून घेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडपाशी थांबलोच नाही. ठेकेदार ओरडला, "मास्तर, बिल्ला घ्या, बिल्ला!" मी ऐकलं नाही. सायकल निंबाला टेकवली. नानांची आधीच बांधलेली होती, नवी साखळी लावून.

"कोन शे?" सुपडूभाऊंनी मान वळवली.

"मी. मास्तर. माझीही ठेवतो आजपासून."

ते ताठ बसले. "घंटी वाजाडा. वळखी ठेवस."

मी वाजवली. त्यांनी मान हलवली. मी परत एकदा वाजवली.

नाना काखेत सीट धरून माझ्याकडे बघत होते. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. खिशात हात घातला, कंगवा बाजूला सारला आणि पाना काढून माझ्यापुढे धरला.

"काढा सीट, मास्तर. गाडी ई राहिनी."