मागील बाजू कोरी समजावी

माणसाच्या प्रत्येक दुखण्यामागे एखादा पूर्वज उभा असतो, हे विज्ञानाने आता मान्य केले आहे. विज्ञानाचे बोलणे पुरे होण्याआधीच आमच्या अभिलेख कचेरीने त्याची अंमलबजावणी केली, याचा मला अभिमान वाटतो.

त्रेचाळीस कर्मचाऱ्यांची जनुकीय तपासणी झाली. शरीरातली चरबी हाताळणाऱ्या जनुकात एकतीस जणांना फरक निघाला. म्हणजे रक्तदाब वाढण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. पैकी एकोणीस जणांचा दोष आईकडचा, अकरा जणांचा वडिलांकडचा. साहेबांचा दोन्हीकडचा निघाला (पदाला शोभेल असाच). लगोलग परिपत्रक आले: धोकाग्रस्तांनी लिफ्ट वापरावी, विनाकारण खुर्ची सोडू नये, जड गठ्ठे उरलेल्या बारा जणांनी जिन्याने वाहावेत. त्या बारांत मी होतो.

माझा सख्खा थोरला भाऊ याच कचेरीत नोंदणी कारकून. दादा एकतिसांत आला. त्याचा रक्तदाब हा वहिनीच्या लेखी इतकी वर्षे निव्वळ हलगर्जीपणा होता. अहवाल मिळताच त्याने तो तिच्या नाकासमोर धरला.

"बघ, माझा काही दोष नाही. रक्तातच आहे!"

"मग गोळी कोण घेणार?" वहिनीने विचारलं.

"पणजोबांपुढे गोळीचं काय चालतंय?"

गोळ्या बंद झाल्या, मीठदाणी ताटाशेजारी आली. पाच महिन्यांनी दादा लिफ्टमध्येच कोसळला. (मी जिन्यावर होतो, धापा टाकत, पण धडधाकट.)

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अहवाल मागितला आणि सरळ उलटा केला. मागे ठळक अक्षरांत छापलं होतं: धोका आहे, म्हणूनच मीठ कमी करा, रोज चाला, गोळी चुकवू नका.

"अहो, हे कुणीच वाचलं नाही?"

लाजेने माझी मान वर होईना. पण आमच्याकडे कागदाची मागची बाजू वाचायचा प्रघातच नाही. नोंद पुढच्या बाजूची घ्यावी, मागील बाजू कोरी समजावी, असा जुना आदेश आहे. एकतीसच्या एकतीस अहवाल त्याबरहुकूम फायलीला लागले होते.

दादा वाचला. उजवा हात अजून उचलत नाही. पेपरचं पान उलटायचं झालं की मला हाक मारतो, आणि माझा जीव तुटतो. कचेरीनेही घटनेची गंभीर दखल घेतली: लिफ्टमध्ये आता बसायला बाक आहे.

तुमचाही कसला ना कसला अहवाल घरातल्या खणात पडला असेलच. मागची बाजू पाहिलीत? नाही ना? वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या घराण्यातच असणार ते.