ट्रंकचा चौथा अर्थ

मंगळवारी सकाळी सगुणाबाई ठेवणीतलं लुगडं काढायला माजघरात गेल्या आणि जागच्या जागी थबकल्या. त्यांच्या लोखंडी ट्रंकवर पांढऱ्या पुठ्ठ्याचं एक कार्ड चिकटवलेलं होतं आणि त्यावर लाल शाईत इंग्रजी अक्षरं होती. ट्रंकच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, विहिरीकडच्या खाचराचा सातबारा होता.

ते २००६ साल होतं. भरे गावात जमिनींना भाव आला होता. मोजणीवाले यायचे, दगडांवर आणि झाडांवर लाल रंगात इंग्रजी खुणा करून जायचे आणि महिन्याभरात तिथे तारेचं कुंपण उभं राहायचं. लाल इंग्रजी अक्षर दिसलं की जमीन गेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

सगुणाबाईंना ते खाचर विकायचं नव्हतं. बाकीचं गेलं ते गेलं, पण त्यांनी स्वतः लावलेला आंबा आणि बाराही महिने पाणी देणारी विहीर त्यांना हवी होती. अडचण एकच होती, त्यांचे यजमान. कोंडाजींना कुणाला नाही म्हणताच येत नसे. जमिनीचा एजंट भैरू दोन वर्षं त्यांना चहा पाजत होता आणि मागच्या आठवड्यात, तापानं फणफणलेले असताना, कोंडाजी त्याला म्हणाले होते, "मंगळवारी ये कागद घेऊन. बघू."

सगुणाबाई तशाच खाचराकडे धावल्या. आंब्याच्या खोडावरही कार्ड होतं! त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण नजर पक्की होती. पहिलं अक्षर हातोड्यासारखं, शेवटचं लाथ मारणाऱ्या माणसासारखं, एकूण पाच. अगदी ट्रंकवर होती तीच. विहिरीच्या कठड्यावर तिसरं कार्ड होतं, त्यावर अक्षरं चार.

"गोजराबाई," त्या पाण्याला आलेल्या शेजारणीला म्हणाल्या, "झाडाला आन सातबाऱ्याला एकच नंबर घातलाय गं."

"मग तुमच्या मालकांना बी घातलाय की! आत्ताच पाराकडं गेले. पाठीवर कार्ड हाय. ह्या हिरीवरचं हाय ना, तसंच."

खरा प्रकार असा होता. कोंडाजींच्या मागच्या खोलीत अण्णासाहेब गुरुजी भाड्यानं राहत. निवृत्त झाले तरी शिकवण्याची हौस फिटली नव्हती, म्हणून संध्याकाळी ओट्यावर मुलांना फुकट इंग्रजी शिकवत. इंग्रजीतला एकच शब्द निरनिराळ्या घरी पाहुणा कसा जातो, हा त्यांचा आवडता धडा. सोमवारी त्यांनी लाल पेन आणि पुठ्ठे वाटले आणि सांगितलं, "एक शब्द घ्या. त्याचे जितके अर्थ घरी-शेतात सापडतील, तितक्या ठिकाणी कार्ड लावा."

बाकीची मुलं अजून शब्दच शोधत होती, पण सगुणाबाईंची नात स्नेहल वर्गात सर्वांत उत्साही. तिनं एक नाही, तीन शब्द घेतले. पहाटे उठून, झोपलेल्या आजोबांच्या पाठीसकट सगळीकडे डिंक लावला आणि पिरंगुटच्या शाळेला निघून गेली. गुरुजी डोळे तपासायला पौडला गेले होते. बाकीची मुलंही शाळेत. म्हणजे ती अक्षरं वाचू शकणारं कुणीच गावात नव्हतं.

दोघी घरी पोचतात तोच कोंडाजीही परतले, ते बिचकतच.

"अगं, सगळा गाव माझ्या पाठीकडं बघतोय. काय झालंय?"

"तुमाला इकलंय!" सगुणाबाई कडाडल्या. "हिरीसंगट! खरं सांगा, कुटं सही केली?"

"न्हाई गं. नुसता चहा पिलो." कोंडाजी घुटमळले. "ताप व्हता तवा भैरूनं एक कागद पुढं केला व्हता... पर तो पुडीचा समजून मी त्यानं चष्मा पुसला. का सही केली? न्हाई... चष्माच पुसला."

तेवढ्यात मोटारसायकल वाजली आणि गॉगल लावलेला भैरू कागदांची पिशवी घेऊन अंगणात उतरला. कोंडाजींचं काळं कुत्रं त्याच्यावर धावून गेलं. कुत्र्याच्या गळ्यातही सुतळीनं बांधलेलं लाल अक्षरांचं कार्ड होतं.

भैरूनं कुत्रं पाहिलं, कोंडाजींची पाठ पाहिली, मग माजघरात डोकावून ट्रंक पाहिली. त्याचा चेहरा उतरला.

"मामी, ही खून कुनी केली?"

"तूच केली आसशील! वर मलाच इचारतुया?"

"आईच्यान न्हाई! आमची कंपनी आकडं घालती. ही दुसरी पार्टी हाय."

"पर लिवलंय काय, ते तरी वाच," गोजराबाई म्हणाल्या.

आपण कंपनीच्या साहेबाशी इंग्रजीत बोलतो, असं भैरू गावभर सांगत फिरे. आता माघार घेणं शक्य नव्हतं. त्यानं गॉगल वर केला. "टी, आर. म्हंजे ट्रान्सफर. म्होरलं कंपनीचं गुपित आसतं." मग कोंडाजींच्या मागे जाऊन तो दचकला. "डब्ल्यू! मामा, वॉचमन म्हनून ठरलात पन? पगार किती?"

"मला कुनी सांगितलं न्हाई रं," कोंडाजी काकुळतीला आले.

"हिरीवर बी तेच हाय," गोजराबाईंनी माहिती पुरवली.

"मग बसतंय की सगळं. हिरीवरचे वॉचमन!" भैरूनं मोबाइल काढला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन रेंज धरली. "साहेब, गेली जमीन. लई मोठी पार्टी दिसतीया. कुत्र्यासकट घेतलंय... व्हय, कुत्र्याला बी नंबर हाय... बरं. सोडतो नाद."

जाताना तो फुरंगटून म्हणाला, "मामा, दुसऱ्याला द्यायचं व्हतं, तर दोन वर्सं माझा चहा कशापायी पिलात?"

सगुणाबाई आत जाऊन ट्रंकवर बसल्या त्या बसल्याच. जेवायला उठल्या नाहीत. कोंडाजींनी भाकरीचं ताट पुढे केलं, तर म्हणाल्या, "मला उचलून न्यावं लागंल त्यांना. ट्रंकंसंगट."

संध्याकाळी गुरुजी एसटीतून उतरले, तेव्हा दप्तर पाठीला लावलेली स्नेहल फाट्यावरच भेटली. दोघं हसत-खिदळत घरी आले, तर दारात गर्दी.

"आजी, उठ ना! माझं कार्ड फाटंल!" स्नेहल ओरडली.

"तुजं?"

मग सगळं बाहेर आलं. गुरुजींनी चपला दारात काढल्या, ट्रंकसमोर खाली मांडी घातली आणि पहिलीच्या मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. "बाई, हा शब्द ट्रंक. ट्रंक म्हणजे ही पेटी, ट्रंक म्हणजे झाडाचं खोड, आणि ट्रंक म्हणजे हत्तीची सोंडसुद्धा."

"हत्ती घावला न्हाई," स्नेहल म्हणाली.

"आणि वेल म्हणजे विहीर. कुणी दुखण्यातून उठून ठणठणीत झाला, तर तोही वेल."

"म्हंजे मी वॉचमन न्हाई?" कोंडाजींच्या आवाजात थोडी निराशा होती.

"आणि कुत्र्याच्या गळ्यातला शब्द बार्क. बार्क म्हणजे भुंकणं, आणि झाडाची सालही," गुरुजी पुढे म्हणाले.

सगुणाबाईंनी ट्रंकवर थाप मारली. "म्हंजे ट्रंक-ट्रंक म्हनून मी जलमभर इंग्रजीच बोलतीया?" त्या म्हणाल्या आणि अशा हसल्या की गोजराबाईंना भिंत धरावी लागली.

गुरुजी मात्र ओशाळले होते. "माझ्यामुळे तुम्हाला दिवसभर उपास घडला. आत्ता सगळी कार्डं काढतो."

"हात लावू नका, गुरुजी!" सगुणाबाई उठल्या. "दोन वर्सं ह्यांच्या तोंडनं 'न्हाई' निघालं न्हाई, ते ह्या पुठ्ठ्यानं एका दिसात सांगितलं."

दुसऱ्या दिवशी आंब्यावरचं कार्ड काढून तिथे ऑइलपेंटनं तीच पाच अक्षरं आली, हातभर उंचीची. त्या आठवड्यात गोजराबाईंनी गोठ्यासाठी दोन शब्द मागून नेले. भैरू पुन्हा फिरकला नाही. संध्याकाळी ओट्यावर मुलांच्या रांगेत शेवटी, भिंतीला टेकून, सगुणाबाई बसू लागल्या.

महिन्याअखेरीला गुरुजींनी तोंडी परीक्षा घेतली. "ट्रंकचे अर्थ किती?"

"तीन!" मुलं ओरडली.

"चार," मागून आवाज आला. सगुणाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. "पेटी, खोड, सोंड. आन चौथा, इकायचं न्हाई."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी चुकीच्या उत्तराला कधी अर्धा गुण दिला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वहीत सगुणाबाईंच्या नावापुढे लाल शाईनं चारपैकी चार लिहिले.